तेरा तेजीतली चौकशी

आमच्या धरणाच्या कचेरीत नवा माणूस घ्यायचा झाला, की त्याच्या गावी जाऊन चौकशी करायचं काम पुढं बरीच वर्षं माझ्याकडे होतं. गावात शिरलो की लोक मला पाटलाच्या घराकडं न्यायला बघायचे. मी मात्र चहाचा कप हातात यायच्या आधीच एक गोष्ट विचारून घ्यायचो, "ह्या माणसाचं गावात कुणाशी वाकडं आहे?" आणि ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचो. कचेरीतल्या नव्या मंडळींना हा माझा विक्षिप्तपणा वाटे. वाटेना का! ज्याच्या शब्दावर माझी स्वतःची भाकरी भाजली, तो माणूस माझ्याशी चार वर्षं बोलत नव्हता.

मी मूळचा रेल्वेतला आगवाला. म्हणजे इंजिनाच्या भट्टीत फावड्यानं कोळसा मारणारा. लोणावळ्याच्या शेडमध्ये कामाला होतो आणि घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर माझी पाळी असायची. अठराव्या वर्षी लागलो. कपडे काळे, तोंड काळं, डोक्याला रुमाल, हातात पितळी बत्ती, आणि ऐट अशी की गाडीला इंजिन ढकलत नाही, मीच ढकलतो. पगार हातात आला की गावी येताना मी कामशेत स्टेशनापासून घरापर्यंत बूट वाजवत जायचो. रस्त्यात धूळच असायची, त्यामुळं बूट फारसे वाजत नसत. तरी मी वाजवायचो.

मग घाटात डोक्यावर तारा आल्या. विजेवर धावणारं इंजिन आलं. त्याला ना कोळसा लागे, ना आगवाला. शेडमधली आम्ही पोरं एकामागून एक घरी बसलो. फोरमननं निघताना एक चांगलं सर्टिफिकेट लिहून दिलं आणि सांगितलं, "काम निघालं की बोलावू." त्या बोलावण्याची मी तीन वर्षं वाट पाहिली. दर महिन्याच्या एक तारखेला कामशेताहून रुळाच्या कडेकडेनं लोणावळ्यापर्यंत चालत जायचो, शेडच्या दारात उभा राहायचो आणि तसाच परत यायचो. त्या तीन वर्षांत विजेच्या खांबाखालून जाताना मी एकदाही थुंकल्याशिवाय पुढं गेलो नाही.

बेकार माणसाला सगळं गाव कामं सांगतं आणि कामावर कुणी ठेवत नाही, हे मला तेव्हा कळलं. अमक्याचं पत्र वाचून दे, तमक्याच्या मोटेची कडी बसवून दे, वाण्याची गोणी उतरव. पण हातात चार पैसे हवेत तर गावाबाहेरच जावं लागे. गवताचे भारे कापून मी कामशेतच्या बाजारात नेले, सडकेवर खडी फोडली, करवंदांच्या पाट्या लोणावळ्याच्या बंगल्यांवर विकल्या, हवा खायला आलेल्या शेटलोकांच्या वळकट्या स्टेशनातून डोक्यावर वाहिल्या. आगवाल्याच्या डोक्यावर वळकटी गावानं बघू नये म्हणून उजाडायच्या आत निघायचो आणि दिवेलागणीनंतर परतायचो. गावाला वाटे, पोरगं कुठंतरी हुंदडतं. वाटू दे, म्हणायचो. लाज झाकायला तेवढं बरं होतं.

घरात मी आणि अम्मा. वडील गावोगाव बांगड्या भरायचे, ते मी लहान असतानाच गेले. कामशेत आणि कान्ह्याच्या मधल्या त्या गावात आमची मुसलमानांची दोनच घरं, बाकी सगळे कुणबी-मराठे. आमच्या भिंतीला भिंत लागून एका वयस्क शेतकऱ्याचं घर होतं. त्यांना सगळं गाव आबा म्हणे. मीही म्हणायचो. आबांच्या मांडीवर मी वाढलो असं म्हटलं तरी चालेल. पण रेल्वेचा पगार हातात खुळखुळायला लागला तेव्हा मी घरावर नवा पत्रा चढवला, आणि त्या पत्र्याच्या पागोळ्या सगळ्या आबांच्या अंगणात पडायला लागल्या. त्यांच्या चुलीच्या भिंतीला ओल धरली. आबांनी दोनदा सांगितलं, पन्हळ लाव. तिसऱ्यांदा सांगायला आले तेव्हा मी बूट पुसत होतो. वर न बघता म्हणालो, "पावसाला सांगा, आबा. त्यो माझं ऐकत न्हाई."

आबा तसेच मागं फिरले. त्या दिवसापासून बोलणं बंद. ह्या घरची भाजी त्या घरी जाईना आणि त्या घरचं ताक ह्या घरी येईना. पुढं नोकरी गेली, बूट फाटले, ऐट उतरली, तरी माफी मागायला माझी जीभ वळली नाही. माणूस गरीब झाला की शहाणा होतो असं म्हणतात, ते माझ्या बाबतीत तरी खरं नव्हतं.

तर तिसऱ्या वर्षीचा मे महिना. लोणावळा पाहुण्यांनी भरलेलं. एका बंगल्याच्या माळ्याकडून मला कळलं की धरणाच्या कचेरीत पावसाळ्याआधी एक माणूस घ्यायचा आहे. काम काय, तर तळ्याकाठी चौकीत राहायचं, पाण्यात रोवलेल्या आकड्यांच्या खांबावर पाणी कुठवर आलं ते तासातासाला बघायचं, वहीत लिहायचं आणि खालच्या कचेरीला फोननं कळवायचं. राहायला खोली, महिन्याचा पगार, कायमची नोकरी! मी करवंदांची पाटी त्या माळ्याच्याच हवाली केली आणि धावत सुटलो. वीज करणाऱ्या पाण्याचीच ती नोकरी, हे कचेरीच्या पायरीवर पोचल्यावर ध्यानात आलं. म्हटलं, चालेल. जिनं खाल्लं तिनंच घालावं.

हेडक्लार्क पुण्याकडचे, चष्मेवाले. त्यांनी फोरमनचं सर्टिफिकेट उलटसुलट वाचलं आणि म्हणाले, "हे ठीक आहे. पण हे तीन वर्षांपूर्वीचं. त्यानंतर काय करत होतास?"

"मिळेल ते, भाऊसाहेब."

"कुणाकडे? त्याची चिठ्ठी?"

आता खडी फोडणाऱ्याला कोण चिठ्ठी देतो? करवंदं खाऊन कुठली शेठाणी लिहून देते की हा मनुष्य प्रामाणिक आहे? आतल्या खोलीत साहेब बसले होते, ते बाहेर आले. हेडक्लार्कनं त्यांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "साहेब म्हणतात, तिथं रात्री-पहाटे कुणी बघायला येत नाही. तीन वर्षं बसून राहिलेला माणूस पुन्हा बसूनच राहील, ही त्यांना भीती वाटते. तू तसा नाहीस, हे कोण सांगेल?"

मला राग आला. तीन वर्षं बसून राहिलेला! पायांना भेगा पडेस्तोवर चाललो होतो मी. मी छाती काढून म्हणालो, "गाव सांगंल! कवाबी इचारा."

हेडक्लार्कनं ते इंग्रजीत सांगितलं तसे साहेब हसले. त्यांनी मान हलवली. हेडक्लार्कनं वहीत माझ्या गावाचं नाव लिहून घेतलं आणि एक दिवस सांगितला. "त्या दिवशी ये. तोवर आमचा माणूस चौकशी करून येईल. कधी येईल ते तुला सांगणार नाही."

मी घरी कसा आलो ते मला आठवत नाही. पाय जमिनीवर नव्हतेच. अम्माला सांगितलं, तर तिनं आधी माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप! तेरा तेजी लागल्यात. तेरा दिस सरंस्तवर कुनाला चकार शबूद बोलू नगंस. नजर लागंल."

सफर महिन्याच्या पहिल्या तेरा दिवसांना आमच्यात तेरा तेजी म्हणतात. ते दिवस जड. त्यात लग्नाची बोलणी करत नाहीत, शुभकार्य काढत नाहीत. तेराव्या दिवशी हरभरे उकडून त्याच्या घुगऱ्या शेजारीपाजारी वाटल्या की इडापिडा टळली असं समजायचं. माझ्या लहानपणी घुगऱ्यांची पहिली वाटी आबांच्या घरी जायची. पागोळ्यांच्या भांडणापासून ती बंद होती.

अम्माचं मी ऐकलं. ऐकायला कारणही होतं, आधी दोनदा मी "काम लागलं" म्हणून पारावर गाजावाजा केला होता आणि दोन्ही वेळा तोंडावर पडलो होतो. त्यामुळं ह्या वेळी गावात कुणाला काही सांगितलं नाही. गाव माझी साक्ष देणार होतं, आणि गावालाच त्याचा पत्ता नव्हता. माझ्या शहाणपणाचा हा कळस.

चार-पाच दिवसांनी मी संध्याकाळी लोणावळ्याहून परतलो, तर पारावर ही गर्दी. मला बघताच न्हावी उठून ओरडला, "आला आला, नवरदेव आला!"

मला वाटलं माझ्यामागं कुणी येतंय. मी वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"अरं, तुलाच! तुला बगाया आलतं आज!" न्हाव्यानं माझा हात धरून मला पारावर बसवलं. "तुरकी टोपी, लांब कोट, हातात छत्री. पिकल्याली दाढी. तुमच्यातलाच मानूस. गावात शिरला आन् तुजंच नाव घेतलं. पोरगा कसा हाय, वय काय, आई कशी, दारूबिरू पितो का, तब्येत कशी, दिसभर काय करतो. म्हंजी काय समजायचं ते आमी समजलो!"

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. त्या वेळी माझं वय सव्वीस. बेकार पोराला मुलगी कोण देणार, म्हणून अम्मानं आशा सोडल्यात जमा होती. गावालाही माझी हळहळ वाटत असणार, एरवी एवढा आनंद झाला नसता. तुर्की टोपीवाला पाहुणा माझी चौकशी करतो म्हणजे मुलीचा बापच, अशी सगळ्यांची खात्री पटली होती. शंभर खोटं बोलावं पण एक लग्न जुळवावं, ही तर आमच्याकडची रीतच. सोयरिकीच्या चौकशीत गाव कधी कुणाचं उणं सांगत नाही. ज्याच्या घरात पीठ नाही त्याच्या घरी तांदळाच्या कणग्या उभ्या करतात.

वाणी म्हणाला, "मी सांगितलं, चार एकर भातखाचर हाय आन् आठ म्हशी. दूध कामशेतला जातं."

"आमच्या दारात शेळीबी न्हाई!"

"आसू दे की. लगीन झाल्यावर म्हशी मेल्या म्हनून सांगू."

पाटील मिशीवर हात फिरवत म्हणाले, "नोकरीचं इचारलं त्यानं. मी सांगितलं, नोकरी त्यानंच सोडली. सायब लय इनवत हुता, पर हा म्हनला, आमी कुनाची चाकरी करनार न्हाई. घरचंच लय हाय."

आणि न्हावी? न्हाव्यानं कमाल केली होती. "मी म्हनलं, पोराला कामाची सवयच न्हाई. नवाबावानी ऱ्हातो. उनं वर आल्याबिगर हातरून सोडत न्हाई. म्हंजी त्येच्या पोरीला कसलाच तरास न्हाई!"

मी पोट धरधरून हसलो. खोटं कशाला सांगू, मलाही उकळ्या फुटत होत्या. मनातल्या मनात मी घोड्यावर बसून निम्मं गाव ओलांडलंसुद्धा होतं. तेवढ्यात पाटील म्हणाले, "येका मानसानं तेवढी घान केली. आबानं. पाव्हना निगाला, तर आबानं त्येला वढून आपल्या ओट्यावर नेलं. अर्धा तास बसवून घेतलं. तीन वर्सं बेकार हाय, झोप मोडतो, काय न्हाई त्ये सांगत हुता. आमी लांबून खुना केल्या, पर ऐकंल तर आबा कसला!"

माझं डोकं फिरलं. घरी जाऊन अम्माला मी सगळं एका दमात सांगितलं. आधी आनंद, मग आबांचा राग. अम्माचा चेहरा उजळला. मग ती थांबली. बोटांवर काहीतरी मोजायला लागली.

"आज नववा चांद," ती म्हणाली. "तेरा तेजीत आपल्यातलं कोन सोयरीक बगाया भाईर पडंल रं?"

तुर्की टोपी, कोट, छत्री. पितो का, दिवसभर काय करतो. तो मुलीचा बाप नव्हता. तो धरणाच्या कचेरीचा माणूस होता! आणि माझ्या गावानं, माझ्या लाडक्या गावानं, त्याला सांगितलं होतं की हा पोरगा उन्हं वर येईस्तोवर झोपतो, ह्याला कामाची सवय नाही आणि ह्यानं नोकरी आपल्या मर्जीनं सोडली.

हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी चिडलो. गावावर चिडता येईना, कारण गावानं प्रेमानं माती केली होती. मग उरले आबा. मी मधल्या भिंतीपाशी गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. "पागोळ्यांचा सूड घेतलात नव्हं? झालं समाधान? चार वर्सं ह्याच दिसाची वाट बगत हुता?" भिंतीपलीकडं दोरी वळल्याचा आवाज येत होता. तो थांबला नाही. आबा एकदा खोकले, तेवढंच. अम्मानं मला दंडाला धरून आत ओढलं.

दुसऱ्या दिवशी मी खुलासा करायला कचेरीत गेलो. शिपायानं दारातूनच हाकललं, बोलावल्या दिवशी ये म्हणाला. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सवयीनं पहाटे उठायचो, सवयीनं चालायचो, पण गवताचा भारा डोक्यावर आहे की नाही ह्याचंही भान नसायचं.

सांगितलेला दिवस उजाडला. तो नेमका तेरावा. अम्मानं चुलीवर हरभरे शिजायला टाकले आणि मी फोरमनचं सर्टिफिकेट खिशात घालून निघालो.

हेडक्लार्कच्या टेबलाशी तोच पाहुणा उभा होता. तुर्की टोपी, पिकलेली दाढी. कचेरीचा जमादार. आत साहेब बसलेले. हेडक्लार्कनं कागद उचलला आणि चष्म्यातून माझ्याकडं बघितलं.

"आठ म्हशी, चार एकर भात, नोकरी स्वतः सोडलीस आणि ऊन डोक्यावर आल्याशिवाय उठत नाहीस. अरे, एवढं सुख सोडून तळ्याकाठी डास मारायला कशाला येतोस?"

मी हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. पारावरची गर्दी, नवरदेव, अम्माचं बोटं मोजणं, एकही गोष्ट लपवली नाही. बोलता बोलता मला धाप लागली. जमादार आधी माझ्याकडं बघत राहिले, मग त्यांनी कपाळाला हात लावला.

"या अल्ला! तरीच! त्या न्हाव्यानं मला विचारलं, मुली किती? मी म्हटलं तीन. तर तो म्हणाला, थोरलीचंच बघू आधी. आणि विडा दिला! मला वाटलं, ह्या गावात पाहुण्याला असंच विचारत असतील."

हेडक्लार्क हसता हसता चष्मा पुसायला लागले. त्यांनी आत जाऊन साहेबांना सगळं सांगितलं, तेही हसले. मला मात्र हसू येईना. हसून झाल्यावर काय, हा माझा प्रश्न होता. खोटं बोलणारं गाव आणि त्या गावचा मी. आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

"पण एक माणूस वेगळं बोललाय," हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी खालचा कागद वर घेतला. "जमादारांनी शब्दन् शब्द लिहून आणलाय. ऐक."

त्यांनी वाचलं. वाचताना ते आबांसारखं बोलायचा प्रयत्न करत होते आणि ते त्यांना जमत नव्हतं, तरी मला आबांचाच आवाज ऐकू आला.

"तीन वर्सं झाली, बेकार हाय. नोकरी त्यानं सोडली न्हाई, गेली. म्हस न्हाई, शेत न्हाई. मिजासखोर हाय, जीभ वाईट हाय. माजं त्येचं पटत न्हाई. पर रोज पहाटं चारला त्येच्या आडाचा रहाट कुरकुरतो आन् माजी झोप मोडते. पानी भरतो, आईला चूल पेटवून देतो, ती पितळी बत्ती राखंनं घासतो आन् भाईर पडतो. काम न्हाई, कुनी बोलवत न्हाई, तरीबी चारला उठतो. तीन वर्सांत येक दिस चुकला न्हाई. ताप आलता तवाबी रहाट वाजला हुता. मला घड्याळ न्हाई, मी त्येच्यावरच उठतो."

मग आत जाऊन त्यांनी तेच साहेबांना इंग्रजीत सांगितलं, तसे साहेब बाहेर आले. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण डोळे भरून आले होते आणि सव्वीस वर्षांच्या आगवाल्यानं कचेरीत रडणं बरं दिसलं नसतं.

साहेबांनी काहीतरी विचारलं. हेडक्लार्क म्हणाले, "काम नव्हतं तर चारला कशाला उठत होतास? साहेब विचारतात."

"शेडात पहाटेच्या पाळीला इंजिन तयार ठेवावं लागायचं, भाऊसाहेब. काम गेलं. ही सवयबी गेली असती तर मग मी कोन ऱ्हायलो असतो?"

"आणि हा म्हातारा तुझा कोण?"

"शेजारी. आमचं बोलनं न्हाई."

हे इंग्रजीत ऐकल्यावर साहेबांनी एकच वाक्य उच्चारलं आणि कागदावर सही केली. हेडक्लार्कनं मला त्याचा अर्थ सांगितला, "साहेब म्हणतात, मग हे खरं असणार. पुढच्या सोमवारी हजर हो."

मी कचेरीच्या पायऱ्या दोन दोन करून उतरलो. स्टेशनात गाडी उभी होती. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिकीट काढून गाडीत बसलो. कामशेतला उतरलो आणि पळतच सुटलो. पारावर पोचेपर्यंत माझा आवाज माझ्या आधी पोचला होता. "काम लागलं! काम लागलं!" गाव जमा झालं. मी झालेला घोटाळा सांगितला तेव्हा वाण्यानं जीभ चावली, पाटलांनी मिशी चावली, आणि न्हावी मात्र म्हणाला, "म्हंजी थोरली गेली का हातातनं?" मग सगळ्यांना आबांची मजा वाटायला लागली. आबा सोयरीक मोडायला गेले आणि पोराची नोकरी जुळवून बसले, असं म्हणून लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मीही मारल्या.

घरी अम्मानं घुगऱ्या काढून ठेवल्या होत्या. मी म्हणायच्या आत तिनंच मोठी वाटी भरली आणि माझ्या हातात दिली.

आबा ओट्यावर दोरी वळत बसले होते. चार वर्षांत मी त्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता. मी वाटी त्यांच्यापुढं ठेवली.

"आबा, घुगऱ्या."

"ठेव तितं."

"आबा, काम लागलं मला."

"कळलं. कामशेतपासनं बोंबलत आलास न्हवं."

मला माफी मागायची होती. पण जीभ माझीच, ती सरळ कशी वळणार? मी हसत म्हणालो, "तुमी माझी सोयरीक मोडाया निघालात, आन् नोकरी जुळवून ठेवलीत की वो!"

दोरी वळणारे हात थांबले. चार वर्षांत पहिल्यांदा आबांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"सोयरीक?" ते म्हणाले. "तेरा तेजीत?"

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"चार वर्सं घुगऱ्या आल्या न्हाईत, म्हून म्हैना इसरलो व्हय मी? दर साली हरबऱ्याचा वास भिंतीवरनं येतोच की, आन् चांद मलाबी मोजता येतो." त्यांनी वाटीतल्या चार घुगऱ्या उचलून तोंडात टाकल्या. "तुमच्यातला मानूस ह्या दिसांत पोर द्यायला येत न्हाई. म्हंजी कामाचाच आसनार. गाव तिकडं म्हशी वाटत बसलंय. कुनीतरी खरं सांगाया पायजे हुतं."

"मग आबा, त्या दिशी मी भिंतीपाशी यवढं वाईटवंगाळ बोललो, तवा तरी सांगायचं!"

"सांगनार कसं?" आबा म्हणाले. "आपलं बोलनं कुटं हुतं?"

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मनसोक्त रडलो. आबा वरून "आरं घुगऱ्या सांडतील" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी मी कामशेतहून पत्र्याचा तुकडा आणला आणि सोमवारच्या आत पन्हळ लावून पागोळ्या आमच्याच अंगणात वळवल्या.

तळ्यावरच्या चौकीत राहायला गेलो. पहिली रजा मिळाली ती दोन महिन्यांनी. गावी आलो, अम्माच्या हातचं पोटभर जेवलो आणि गाढ झोपलो. पहाटे रहाट कुरकुरल्याच्या आवाजानं जाग आली. मी दचकून उठून बसलो. चार वाजले असावेत. पण मी तर अंथरुणातच होतो!

"अम्मा, रहाटावर कोन?"

"आबा," अम्मा कूस बदलत म्हणाली. "तू गेल्यापास्नं माजं पानी त्येच भरत्यात. म्हनत्यात, रहाट वाजल्याबिगर सकाळ झाल्यावानी वाटत न्हाई."